एअर रायफल, ठासणीची बंदूक आणि नाटकातलं पिस्तूल: कुठल्या कायद्यात काय 'अग्निशस्त्र' ठरतं?

रेंजबाहेर:

नेमबाजीच्या वर्गासाठी पालकांच्या हातात द्यायचं एक पानी माहितीपत्रक करायचं आहे. एका ठिकाणी वाचायला मिळतं, "एअर गनला लायसन लागत नाही, म्हणजे ती बंदूकच नाही." दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं असतं, "एअर गनसुद्धा अग्निशस्त्रच." पालक दोन्ही वाचून येतात आणि गोंधळतात.

तीन ठरावीक वस्तू धरून उत्तर द्याल का?

एक, दहा मीटरच्या स्पर्धेची ०.१७७ म्हणजे ४.५ मिमीची एअर रायफल. दोन, आजोबांच्या नावावरची ठासणीची बंदूक, घोडा तुटलेला, वर्षानुवर्षं माळ्यावर पडून. तीन, नाटकात वापरायचं धातूचं पिस्तूल, नुसता आवाज करणारं.

वर्गातली काही कुटुंबं न्यू जर्सीला चालली आहेत, एक इंग्लंडला. तिकडं याच वस्तूंचं काय होतं तेही हवं आहे. वकिलाचा सल्ला घ्यायचा आहेच, पण त्यांच्यापुढं नेमका कोणता प्रश्न ठेवायचा ते आधी समजलं पाहिजे.

---

कलमवाचक:

भारतापुरतं मी सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम २ उघडून समोर ठेवा. कलम २(१)(सी) मध्ये 'शस्त्र' आहे आणि २(१)(ई) मध्ये 'अग्निशस्त्र'. दुसऱ्या व्याख्येचा गाभा असा: स्फोटकाच्या किंवा *इतर प्रकारच्या ऊर्जेच्या* जोरावर कसलंही प्रक्षेप्य फेकण्यासाठी बनवलेलं किंवा तसं बदलून घेतलेलं शस्त्र. स्प्रिंगची ताकद, दाबलेली हवा, कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, सगळं या 'इतर प्रकारच्या ऊर्जे'त बसतं. त्यामुळं एअर रायफल व्याख्येनुसार अग्निशस्त्र आहे, यात शंका धरू नका.

आता परवान्याचं. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांचे वर्ग पाडलेत. ज्या एअर वेपनची ऊर्जा २० ज्यूल किंवा १५ फूट-पाउंडच्या वर जात नाही *आणि* बोअर (नळीचं आतलं माप) ०.१७७ इंचाच्या म्हणजे ४.५ मिमीच्या वर नाही, त्याला परवाना लागत नाही. दोन्ही अटी पाळल्या गेल्या पाहिजेत. ०.२२ ची एअर गन दहाच ज्यूलची असली तरी बोअरमुळं ती परवान्याच्या बाजूला गेली. लोक हमखास फसतात ते इथं, कारण परदेशात ०.२२ ही अगदी सर्रास मिळणारी एअर गन आहे.

तेव्हा पत्रकात "एअर रायफल ही बंदूक नाही" असं लिहू नका. "हे अग्निशस्त्र आहे, पण या मर्यादेत परवान्यातून सूट आहे" असं लिहा. सूट मिळालेली वस्तू व्याख्येच्या आतच राहते. कूर्गच्या कोडवांचं उदाहरण घ्या: त्यांना ठरावीक बंदुकांसाठी परवान्यातून सूट आहे, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली गेली. त्यांच्या हातातली बंदूक त्यामुळं बंदूक व्हायची थांबत नाही. कायद्यात जिथं 'परवाना' हा शब्द असेल तिथं सूट कामी येते. जिथं नुसतं 'अग्निशस्त्र' किंवा 'शस्त्र' लिहिलंय तिथं ती गृहीत धरायची नाही.

याचे व्यवहारात होणारे परिणाम बघा. कलम ९ नं २१ वर्षांखालच्या व्यक्तीला अग्निशस्त्र घेण्या-बाळगण्याला अटकाव केलाय आणि प्रशिक्षणादरम्यान वापरासाठी वेगळी वाट ठेवलीय. म्हणून रायफलची पावती पालकाच्या नावे घ्या. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या. परदेशातून आणायची असेल तर कलम १० आयातीचं आहे. इथल्या दुकानात परवान्याशिवाय मिळते, म्हणून बॅगेत घालून आणता येते असं होत नाही.

आणखी एक, ज्याकडं कुणी बघत नाही. अग्निशस्त्राच्या व्याख्येतच आवाज किंवा ज्वाला कमी करणारं उपकरणही घातलंय आणि सुटे भागही. पीसीपी (आधीच भरून ठेवलेल्या दाबाच्या हवेवर चालणाऱ्या) रायफलीच्या तोंडाला आटे पाडून आवाज दाबणारा 'मॉडरेटर' बसवायची सोय असते आणि ऑनलाइन तो स्वस्तात दिसतो. व्याख्येचा मजकूर वाचला तर ती नळकांडी स्वतःच अग्निशस्त्राच्या आत येते, आणि अनुसूचीत तिची जागा सगळ्यात कडक वर्गात आहे. वर्गातल्या मुलांना तो घेऊ देऊ नका.

नाटकातलं पिस्तूल: कलम २(१)(सी) मध्ये खेळणी वगळलीत, पण शब्द नीट वाचा. खेळण्याखेरीज दुसऱ्या कशासाठी वापरता न येणारी *आणि* कामाच्या शस्त्रात बदलता न येणारी वस्तूच वगळलीय. प्लास्टिकचं पिस्तूल सुटतं. धातूचं, खऱ्या मापाचं, टोपीची काडतुसं घेणारं पिस्तूल सुटेलच असं नाही. शिवाय कलम ६ च्या स्पष्टीकरणात 'नकली अग्निशस्त्र' म्हणजे अग्निशस्त्रासारखं *दिसणारं* काहीही, मग त्यातून गोळी सुटो वा न सुटो. नकली शस्त्राचं खऱ्यात रूपांतर करणं किंवा बंदुकीची नळी आखूड करणं या दोन्हींना २०१९ च्या दुरुस्तीनंतर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. तुलनेसाठी, साधं अग्निशस्त्र विनापरवाना बाळगण्याला दोन ते पाच वर्षं आहेत. व्याख्येतली वस्तू एका खान्यातून दुसऱ्या खान्यात सरकली की आयुष्यातली किती वर्षं पणाला लागतात ते यावरून कळेल.

---

जर्सीकर:

अमेरिकेबद्दल लिहिते. तिथं एकच व्याख्या शोधत बसलात तर चुकाल. निदान तीन थर आहेत आणि तिन्हीत 'फायरआर्म' हा एकच शब्द वेगवेगळ्या वस्तूंना लावलाय.

पहिला थर १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट. यातलं 'फायरआर्म' म्हणजे मशीनगन, सायलेन्सर, १८ इंचांहून आखूड नळीची शॉटगन, १६ इंचांहून आखूड नळीची रायफल, बॉम्ब वगैरे. दुकानात मिळणारं साधं पिस्तूल या कायद्याच्या लेखी फायरआर्मच नाही! या कायद्याची भाषा डोक्यात ठेवून दुसरा कायदा वाचला की माणूस हमखास चुकीच्या निष्कर्षावर येतो.

दुसरा थर १९६८ चा गन कंट्रोल ॲक्ट. स्फोटकाच्या जोरावर गोळी फेकणारं किंवा सहज तसं करता येईल असं शस्त्र (शर्यत सुरू करायचं स्टार्टर पिस्तूलसुद्धा नाव घेऊन घातलंय), त्याचा मूळ सांगाडा म्हणजे फ्रेम किंवा रिसीव्हर, सायलेन्सर, आणि बॉम्बसारखी विध्वंसक साधनं. 'इतर ऊर्जा' हे शब्द इथं नाहीत. म्हणून फेडरल कायद्यात एअर रायफल व्याख्येच्या बाहेर आहे, भारतासारखी सुटीत नाही. सुट्या भागांचंही उलटं आहे: भारतात 'भाग' सरसकट आत, अमेरिकेत सांगाड्याला सिरियल नंबर आणि नोंद, पण नुसती नळी टपालानं घरपोच येते. याच फटीतून अर्धवट घडवलेल्या सांगाड्यांचे संच विकले जाऊ लागले. २०२२ च्या नियमानं ते व्याख्येत ओढले आणि मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो नियम ७ विरुद्ध २ नं टिकवला.

तिसरा थर राज्याचा, आणि तुमच्या पालकांना लागणारा हाच. न्यू जर्सीच्या फौजदारी संहितेतलं २सी:३९-१ काढा. तिथल्या व्याख्येत स्प्रिंग, रबरी पट्टी, कार्बन डायऑक्साइड, दाबलेली हवा यांच्या जोरावर ३/८ इंचाहून लहान गोळी माणसाला इजा होईल इतक्या ताकदीनं फेकणारी वस्तू स्पष्ट शब्दांत आहे. ४.५ मिमीची रायफल त्यात सरळ बसते. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्यानं बीबी गन (छर्ऱ्याची साधी एअर गन) घ्यायची म्हटली तरी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड लागतं, आणि एअर पिस्तुलाला हँडगनसारखं प्रत्येक खरेदीसाठी वेगळं परमिट. विनापरमिट एअर पिस्तूल बाळगणं हा तिसऱ्या श्रेणीचा गुन्हा आहे, समज देऊन सोडण्याची बाब नाही.

हे बिघडतं असं: नदीपलीकडच्या राज्यातल्या क्रीडासाहित्याच्या दुकानात एअर रायफल बॅटच्या शेजारी टांगलेली असते. माणूस ती घेतो, गाडीच्या डिकीत टाकतो, पूल ओलांडतो. वस्तू तीच, पण पुलाच्या अलीकडं खेळाचं सामान आणि पलीकडं फायरआर्म. नवीन आलेल्या पालकांना एवढं एकच सांगितलंत तरी पुष्कळ झालं: कार्ड हातात येईपर्यंत काहीही विकत घेऊ नका, मित्राची 'जरा घरी ठेव' म्हणून दिलेलीही ठेवू नका. सराव क्लबच्या रायफलीवर, क्लबच्याच आवारात.

ठासणीची बंदूक फेडरल कायद्यात 'अँटिक'मध्ये जाऊन सुटते: १८९८ किंवा त्याआधी बनलेली असेल तर, आणि नवी असली तरी काळ्या दारूवर चालणारी, आधुनिक काडतूस न घेणारी मझल लोडर असेल तर. जर्सी मात्र विचारते, कशासाठी ठेवलीय? शोभेची, इतिहासाची वस्तू म्हणून ठेवलीत तर वेगळी वागणूक. शिकारीला काढलीत की ती बंदूक.

---

रेंजबाहेर:

खूप उपयोगी. एक मधलाच प्रश्न. २० ज्यूलची मर्यादा आहे, पण खोक्यावर ज्यूल कुठंच नसतात, '९०० एफपीएस' (फूट प्रतिसेकंद) असं काहीतरी असतं. पालकानं ते कसं तपासायचं?

---

छर्रा आणि घड्याळ:

हिशेब सोपा आहे. पेलेटचं (छर्ऱ्याचं) वजन ग्रॅममध्ये, वेग मीटर प्रतिसेकंदात. वेगाचा वर्ग गुणिले वजन, भागिले २०००. उत्तर ज्यूलमध्ये येतं.

स्पर्धेचं ०.५३ ग्रॅमचं पेलेट १६५ मीटर वेगानं गेलं तर ७.२ ज्यूल. दहा मीटरच्या रायफली साधारण याच आसपास असतात, म्हणजे आपल्या २० च्या मर्यादेपासून पुष्कळ लांब. जर्मनीत परवान्याशिवायच्या एअर रायफलींची रेषा ७.५ ज्यूलची आहे आणि त्यांच्यावर पंचकोनात 'एफ' असा ठसा असतो. बऱ्याच नामवंत स्पर्धा-रायफली जर्मन बनावटीच्या असल्यामुळं त्या या रेषेच्या आतच घडवलेल्या असतात.

आता ९०० एफपीएस. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, तेव्हा २७४ मीटर. ०.५३ ग्रॅमच्या पेलेटला हाच वेग खरोखर मिळाला तर १९.९ ज्यूल होतात, म्हणजे अगदी काठावर. पण खोक्यावरचा आकडा बऱ्याचदा हलक्या मिश्रधातूच्या पेलेटचा असतो, कारण हलकं पेलेट जोरात पळतं आणि आकडा मोठा दिसतो. तेच पेलेट ०.३४ ग्रॅमचं धरलं तर जेमतेम १२.८ ज्यूल. म्हणून नुसता एफपीएसचा आकडा कायद्याच्या कामाचा नाही. कुठल्या वजनाच्या पेलेटवर मोजला ते हवं.

मोजायचं असेल तर क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर), आणि एका बारावर नाही. निदान दहा बार मोजा आणि *सर्वांत मोठा* आकडा धरा, सरासरी नव्हे, कारण नियमाची भाषा मर्यादा 'ओलांडण्याची' आहे. स्प्रिंगच्या नव्या रायफलीत सिलिंडरमधलं जास्तीचं तेल दाबानं पेटतं, पहिले काही बार अवाच्या सवा वेग दाखवतात आणि तोंडातून धूर येतो. ते बार आधी जाऊ द्या, नळी पुसा, मग मोजा. स्प्रिंगच्या रायफलीत हलक्या पेलेटला सहसा जास्त ज्यूल मिळतात, पीसीपीत जड पेलेटला. म्हणजे पीसीपी हलक्या पेलेटवर १८ दाखवत असेल तर निर्धास्त होऊ नका, जड पेलेट घालून पुन्हा मोजा.

कॅनडाला कुणी जाणार असेल तर तिथली पद्धत निराळी आहे. १५२.४ मीटर प्रतिसेकंद आणि ५.७ ज्यूल, या दोन्ही रेषा ओलांडल्या तर एअर गनला परवान्यासाठी फायरआर्म धरतात. वरची ७.२ ज्यूलची स्पर्धा-रायफल दोन्ही ओलांडते. भारतात जी सगळ्यात निरुपद्रवी खान्यात आहे तीच तिथं लायसनची वस्तू ठरते.

---

गावठी निशाण:

इतकं कशाला खोलात जायचं? एअर गन म्हणजे खेळणं. जत्रेत फुगे फोडायला असतेच की.

---

कलमवाचक:

फुग्यांच्या स्टॉलवरची बंदूकही २(१)(ई) च्या आतच आहे, सुटीमुळं ती उघड वापरता येते इतकंच. 'खेळणं' हा शब्द पालकांपर्यंत गेला की मूल ती रायफल उघडी घेऊन एसटीत बसतं, अभयारण्याच्या रस्त्यानं सहलीला नेतं, पक्ष्यावर नेम धरतं. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये 'शस्त्रा'ची स्वतःची व्याख्या आहे, कलम २(३५), आणि तिच्यात बंदूक, धनुष्यबाण, जाळं, फास, आकडा, विष इथपासून प्राण्याला इजा करू शकणारं कुठलंही साधन येतं. त्या कायद्याला ज्यूलशी देणंघेणं नाही. कलम ३१ प्रमाणं लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि तिथं बेचकीही शस्त्र ठरू शकते. राधानगरी, कोयना, भीमाशंकर या बाजूंनी जाणाऱ्या कुटुंबांनी रायफल गाडीत विसरू नये. हा मुद्दा पत्रकात ठळक टाका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

---

लीड्सहून:

इंग्लंडचं थोडक्यात. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टमध्ये कलम ५७ ची व्याख्या 'प्राणघातक नळीचं शस्त्र' अशी आहे. प्राणघातक म्हणजे किती यावर पन्नासेक वर्षं कायद्यात आकडा नव्हता. २०१७ च्या सुधारणेनं तो घातला: नळीच्या तोंडाशी १ ज्यूलहून जास्त. एअरसॉफ्टला (लुटुपुटीच्या लढाईच्या खेळातल्या बंदुकांना) वेगळी सवलत आहे, ६ मिमीपर्यंतच्या प्लास्टिक गोळ्यांसाठी, एकेरी बाराला २.५ ज्यूल आणि सलग बाराला १.३.

म्हणजे एअर रायफल इथंही व्याख्येच्या आत, पण रायफल १२ फूट-पाउंड (साधारण १६.३ ज्यूल) आणि पिस्तूल ६ फूट-पाउंडपर्यंत असेल तर इंग्लंड-वेल्समध्ये सर्टिफिकेट लागत नाही. भारतात १८ ज्यूलची विनापरवाना चालणारी रायफल इथं आणली की सर्टिफिकेटची वस्तू झाली, हे लक्षात घ्या. सीमा ओलांडून स्कॉटलंडला गेलात तर २०१६ च्या अखेरीपासून एअर वेपनला सर्टिफिकेट लागतं. उत्तर आयर्लंडमध्ये १ ज्यूलच्या वर गेलं की लागतं. एकाच राष्ट्रात तीन उत्तरं.

मुलांसाठी: १८ च्या आत विकत घेता येत नाही. १४ च्या आतल्या मुलाबरोबर २१ वर्षांवरची देखरेख करणारी व्यक्ती हवी. घरी मुलांच्या हाती लागणार नाही अशी खबरदारी घेणं हे मालकाचं कायदेशीर कर्तव्य आहे, म्हणून कुलूपबंद कपाट घ्याच.

सुट्या भागांबाबत हा कायदा मधला आहे. दाब सहन करणारे भाग मोजतात: नळी, चेंबर, सिलिंडर, सांगाडा, बोल्ट. कुंदा, दुर्बीण, पट्टा मोजत नाहीत. मला ही विभागणी सगळ्यात समजूतदार वाटते. बार उडताना ज्या भागावर जोर येतो तोच भाग कायदा बघतो.

नाटकवाल्यांसाठी खास: खऱ्यासारखं दिसणारं नकली शस्त्र बनवणं, विकणं, आयात करणं यावर २००६ च्या कायद्यानं बंदी आहे, नाटक-चित्रपटाला अपवाद आहे पण तो सिद्ध करावा लागतो. लाल, नारिंगी, पिवळं, हिरवं, गुलाबी, जांभळं, निळं अशा भडक रंगाचं किंवा आरपार दिसणारं असेल तर ते 'खऱ्यासारखं' धरत नाहीत. मात्र नुसता आवाज करणाऱ्या पिस्तुलांनी इथं मोठा घोळ केलाय. तुर्कस्तानी बनावटीची, धूर वरून बाहेर टाकणारी काही मॉडेलं वर्षानुवर्षं खुली विकली गेली. तपासणीत ती सहज बदलता येण्याजोगी निघाली, म्हणजे बेकायदाच, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती जमा करायला मुदत दिली गेली. घेताना कायदेशीर वाटलेली वस्तू घरात बसल्याजागी गुन्हा झाली. भारतातून येताना प्रॉप पिस्तूल आणूच नका, इथल्या नाट्यमंडळाला परवानाधारक पुरवठादाराकडून भाड्यानं घेऊ द्या.

---

दाभोळ खाडी:

ठासणीच्या बंदुकीचं मी सांगतो, कोकणात आणि गोव्यात घरोघरी हाच प्रश्न आहे.

कलम ४५(सी) जुन्या घडणीच्या, पुरातन मोलाच्या किंवा नादुरुस्त शस्त्राला कायद्यातून वगळतं, आणि त्याच्या भरवशावर लोक माळ्यावरची बंदूक तशीच ठेवतात. पण शेवटची अट वाचा: ते शस्त्र दुरुस्ती करून *किंवा न करता* अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्यासारखं नसलं पाहिजे. घोडा तुटलाय? लोहार दुपारपर्यंत दुसरा घडवून देतो. चाप अडकलाय, कुंदा वाळवीनं खाल्लाय, हेही तसंच. नळी फाटलेली असेल, बूड उडालेलं असेल, गंजून आरपार भोकं पडली असतील तर गोष्ट वेगळी, आणि तेही तुम्ही ठरवायचं नाही. शस्त्र तपासणाऱ्या तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा.

परवानाधारक आजोबा वारले की परवाना त्यांच्याबरोबर संपतो. कलम २१ प्रमाणं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करायचं असतं. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, वारसांची नावं. पावतीवर नळीचा नंबर, बंदूक एकनळी की दुनळी, कुंद्यावरची खूण, सगळं लिहून घ्या, नाहीतर परत घेताना दुसरीच बंदूक हातात येते. वारसाला परवाना हवा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालयाच्या शहरात पोलीस आयुक्तांकडे अर्ज. शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्याचा विचार कलम १३(३) मध्ये स्वतंत्र केलाय. अर्जात सातबारा जोडा आणि रानडुक्कर-माकडांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे असतील तर तेही. घर अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ खाली परवानाधारकाची नोंदणी वेगळी.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलं. माळ्यावरून बंदूक खाली काढताना ती भरलेली आहे असंच समजा. पूर्वी बार ठासून ठेवायची पद्धत होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनंतरही पेट घेते. तोंड कुणाकडं, स्वतःकडंही, वळवू नका. नळीच्या तोंडातून डोकावू नका. गज ठोकून, नळी तापवून, तारेनं कोरून आतलं काढायचा प्रयत्न करू नका. हलवूच नका म्हणालो तरी चालेल: ठाण्यात फोन करा, जागेवरच बघायला बोलवा, "आत बार असण्याची शक्यता आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

---

जर्सीकर:

वर नळीच्या लांबीचा विषय निघाला म्हणून एक जोडते. १९ इंच नळीची दुनळी १२ बोअर घ्या. भारतात गुळगुळीत नळीची मर्यादा २० इंच, म्हणून ती प्रतिबंधित वर्गात. अमेरिकेत फेडरल मर्यादा १८, म्हणून साधी शॉटगन. इंग्लंडमध्ये शॉटगन म्हणवून घ्यायला २४ इंच लागतात, म्हणून ती शॉटगन सर्टिफिकेटवर चालत नाही, त्याहून कडक फायरआर्म सर्टिफिकेट मागते.

आणि सलग गोळीबाराची व्याख्याही शब्दावर अडते. अमेरिकन कायदा म्हणतो, 'चापाच्या एका क्रियेत' एकाहून जास्त गोळ्या. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६ विरुद्ध ३ नं ठरवलं की बम्प स्टॉक (धक्क्याच्या जोरावर चाप भराभर दाबला जाईल असा कुंदा) लावलेल्या रायफलीत दर गोळीला चाप स्वतंत्रपणे क्रिया करतो, म्हणून ती मशीनगन नव्हे. भारतीय व्याख्येत चापाची क्रिया मोजलेलीच नाही. चापावर *दाब* दिल्यापासून तो काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात का, एवढं बघितलंय.

---

सिंधुदुर्ग बागायत:

माकडं हाकलायला पाइपची कार्बाइड बंदूक वापरतात, ती यात कुठं बसते?

---

कलमवाचक:

नुसता आवाज करत असेल तर प्रक्षेप्य नाही, म्हणून २(१)(ई) चा गाभा लागू होत नाही. त्यात खडा, छर्रा, काहीही घातलं की 'इतर ऊर्जा' आणि प्रक्षेप्य दोन्ही आले आणि विनापरवाना शस्त्र *बनवल्याचं* कलम ५ समोर उभं राहिलं. कॅल्शियम कार्बाइडला १९८७ चे स्वतंत्र नियम आहेत, ते वेगळेच. आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात या पाइपांनी कितीतरी मुलांचे डोळे भाजले. बागेत सौरकुंपण, राखण, कुत्रा, जे जमेल ते करा, पण हा पाइप मुलांच्या हाती देऊ नका.

---

रेंजबाहेर:

पत्रकाचा मसुदा असा केलाय: "०.१७७ पर्यंत बोअर आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेली एअर रायफल कायद्यानं अग्निशस्त्र आहे. तिला भारतात परवान्यातून सूट आहे. ही सूट इतर देशांत, अभयारण्यात, आयातीला आणि आवाज कमी करणाऱ्या उपकरणाला लागू नाही." चालेल?

---

कलमवाचक:

चालेल. 'विमानप्रवासात' हा शब्द घाला. एअर रायफल केबिनमध्ये जात नाही. चेक-इनमध्ये, आधी जाहीर करून, रिकामी, बंद केसमध्ये, आणि पावतीची प्रत केसच्या आत. पेलेटची डबी वेगळी. ज्या घरात परवान्याची बंदूकही आहे त्यांना सांगा की प्रवासाच्या बॅगा उलट्या करून झटकाव्यात. कोपऱ्यात राहिलेलं एकच जिवंत काडतूसही 'दारूगोळा' ठरतं आणि विमानतळावर गुन्हा नोंदला जातो. ते नकळत राहिलं होतं, किंवा एकटं काडतूस कलम ४५(डी) मधला 'किरकोळ भाग' आहे, हे पटवून असे काही गुन्हे दिल्ली उच्च न्यायालयात रद्द झालेत. पण तोपर्यंत विमान गेलेलं असतं आणि वकिलाची फी भरलेली असते. किल्लीला अडकवलेलं रिकामं काडतूसही काढून ठेवा.